कुडाळ परिसरातील गुरांची औषधे : नावांतून दिसणारा इतिहास

जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवर प्रतिजैविकांऐवजी वनस्पतिज औषधे वापरता येतील काय, हा प्रश्न आज गांभीर्याने विचारला जात आहे. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंची वाढ हे त्याचे कारण होय. कोलिस्टिन या औषधाचा अन्नासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या व मत्स्यशेती यांतील वापर भारत सरकारने २०१९ मध्ये बंद केला, तो याच धोक्यामुळे. अशा वेळी जुन्या औषधांकडे परत जावे, असा आग्रह धरला जातो. परंतु ती औषधे कोणत्या रोगांवर होती व त्यांचा गुण कितपत येई, हे ठरविणे इतिहासाचे काम आहे. कुडाळ परिसराच्या संदर्भात या प्रश्नाची एकच बाजू, म्हणजे नावांची बाजू, येथे तपासावयाची आहे.

लिखित साधने या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाहीत. घोडा व हत्ती ही राजांची जनावरे; त्यांच्या चिकित्सेवर शालिहोत्र व पालकाप्य यांच्या नावांनी स्वतंत्र ग्रंथ झाले. गाईबैलांसाठी अग्निपुराणात गवायुर्वेदाचा अध्याय आहे खरा. पण गुराख्याचे व शेतकऱ्याचे ज्ञान बहुतांशी मुखपरंपरेनेच चालत आले. म्हणून बोली हेच त्या ज्ञानाचे दप्तर मानावे लागते. कुडाळ १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात होते. तेथील कुडाळी बोलीची दखल ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) घेतलेली आहे.

प्रथम रोगांची नावे पाहू. लाळ्या-खुरकूत या नावात लाळ आणि खूर आहेत. फऱ्या या नावात जनावराचा फरा आहे. घटसर्पात घशाची सूज, तर बुळकांडीत पातळ हगवण अभिप्रेत आहे. ही सर्व नावे रोगाचे कारण सांगत नाहीत, डोळ्यांना दिसणारे लक्षण सांगतात. निरीक्षण म्हणून ती अचूक आहेत. परंतु घटसर्प व फऱ्या हे रोग जीवाणूंमुळे होतात, तर लाळ्या-खुरकूत व बुळकांडी हे विषाणूंमुळे, हा भेद त्यांत दिसणे शक्यच नव्हते. विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही. तेव्हा या दोन रोगांच्या बाबतीत 'प्रतिजैविकाला पर्याय' ही भाषाच गैरलागू ठरते.

बुळकांडीचा इतिहास तर जुन्या काळाविषयीच्या भाबड्या कल्पना दूर करणारा आहे. या रोगाने देशातील गुरे इतकी मरत की, सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८७१ मध्ये निघाला. पुढे १८८९ मध्ये पुण्यास जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली व १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलविण्यात आली. पाला, साल, नवस यांपैकी कशानेही ही साथ हटली नाही. ती लसीकरणाने हटली. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले.

मग जुन्या औषधांत ग्राह्य काहीच नाही काय? तसेही नाही. कुड्याचे उदाहरण घ्यावे. ज्याला कुडाळकडे 'कुडो' म्हणतात, त्या झाडाची साल हगवणीवरचे औषध म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यातील कोनेसीन हे द्रव्य हेन्स यांनी १८५८ मध्ये मुंबईत वेगळे केले. परंतु मराठीत कुडे दोन आहेत. पांढऱ्या कुड्याच्या बिया म्हणजे कडू इंद्रजव. काळ्या कुड्याच्या बिया म्हणजे गोड इंद्रजव. दोहोंनाही पांढरा चीक असतो व दोहोंच्याही शेंगा जोडीने येतात. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा सुट्या लोंबतात, तर काळ्याच्या शेंगांची टोके जुळलेली असतात. औषधी गुण आहे तो पांढऱ्यात. ही साल अठराव्या शतकात 'कोनेसी' या नावाने युरोपात गेली. परंतु तिच्याऐवजी काळ्या कुड्याची साल दिली जाऊ लागल्याने तिची कीर्ती उतरली, असे जुन्या औषधिग्रंथांत सांगितले आहे. औषध खोटे नव्हते. नाव अपुरे होते. एका विशेषणाच्या लोपाने औषधाचा गुणच हरपावा, याहून नावांच्या अभ्यासाचे महत्त्व सांगणारा दुसरा दाखला क्वचितच मिळेल.

नाव, मात्रा व रोग ही तिन्ही निश्चित केली असता परंपरा कशी उपयोगी पडते, हे कासदाहाच्या उदाहरणावरून दिसते. या रोगात कास टणक होते, म्हणून शेतकरी त्यास 'दगडी' म्हणतात. १९५५ मध्ये पिंपरी येथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पुढे प्रतिजैविक हाच कासदाहावरचा नेहमीचा उपाय होऊन बसला. अलीकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व चुना १५ ग्रॅम यांचा लेप प्रचारात आणला आहे. द्रव्ये घरगुतीच आहेत. नवी आहे ती मोजणी. तीव्र विकारात पशुवैद्याची गरज यामुळे संपत नाही. मात्र प्रतिजैविकाचा सरसकट वापर कमी होण्यास मदत होते.

तात्पर्य, परंपरेचा सरसकट स्वीकार व सरसकट त्याग या दोन्ही भूमिका इतिहासाला मान्य होणाऱ्या नाहीत. गुरे राखणारी जुनी पिढी मागे पडत आहे आणि तिच्याबरोबर 'पांढरा' व 'काळा' असा भेद करणारी विशेषणेही लोपत आहेत. म्हणून बोलींचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी वनस्पतीचे नाव केवळ टिपून न घेता त्याच्यासोबत फांदी, फूल व शेंग यांचा नमुनाही आणावा. नमुन्यावाचून टिपलेले नाव शब्दकोशाला चालेल. गोठ्यातल्या आजारी वासराला ते चालणार नाही.