मैदानातला घुमारा

वेरूळच्या दहाव्या लेण्यात, म्हणजे लोक ज्याला सुताराची झोपडी म्हणतात तिथं, कुणी साधा ‘आ’ लावला तरी कमानीच्या छताखाली तो बराच वेळ फिरत राहतो. तिथल्या कारागिरांनी दगडात लाकडी वाशांची नक्कल कोरली. घुमारा वर फुकटात मिळाला. खुलताबादच्या दर्ग्यांमधल्या कव्वालीलाही चौकाच्या भिंतींचा आधार असतो. आमच्या लाऊडस्पीकरच्या धंद्याची अडचण सुरू झाली ती गाणं मैदानात आल्यावर. आमच्या शहराच्या आमखास मैदानावर भिंत कुठून आणणार? आवाज कर्ण्यातून निघतो आणि सरळ पुढं जातो, परत काही येत नाही. गाणाऱ्याला वाटतं आपला गळाच बसला. मग स्टेजवरून हाक यायची, ‘मामू, इको बढाव!’

मामू म्हणजे मी. शहागंजच्या घड्याळाच्या टॉवरमागं एका गल्लीत उस्तादांच्या दुकानात मी रेडिओ उघडायला शिकलो. आमच्या भागात हा धंदा जुना. निजामाच्या हैदराबाद राज्याचं एक रेडिओ केंद्र औरंगाबादेतही होतं. 1950 मध्ये ते आकाशवाणीकडे गेलं आणि पुढं काही वर्षांत बंद पडलं. पण रेडिओ घरात आले होते, ते बिघडत होते, आणि दुरुस्त करणारे हात तयार झाले होते. त्याच हातांनी नंतर लाऊडस्पीकरचे अँप्लिफायर उघडले. सभांचा लाऊडस्पीकर म्हणजे आधी मुंबईच्या मोटवाने कुटुंबाचा ‘शिकागो रेडिओ’. काँग्रेसच्या सभांत गांधी-नेहरूंपुढच्या माइकवर हेच नाव दिसतं, आणि त्या घरातले नानिक मोटवाने 1942 च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात आरोपीही होते. पुढं मंडपवाल्यांकडे दिल्लीच्या आहुजाचे डबे आले. या सगळ्यांतल्या व्हॉल्व्हची चिंता 1961 नंतर कमी झाली, कारण बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं, म्हणजे बीईएलनं, ते इथंच बनवायला घेतले. बीईएलचा ईएल 84 कित्येक रेडिओंत बसवला आहे मी. चांगला व्हॉल्व्ह. परदेशी नावाला भुलून त्याला नाकं मुरडणारे मला आवडत नाहीत.

इकोची खरी भूक भागवली ती कव्वालीनं आणि भीमगीतांनी. आंबेडकर जयंतीच्या आसपास आमच्या शहरात रात्ररात्र मुकाबले चालायचे, आणि दोन्ही पार्ट्यांना आपल्या बाजूला इको जास्त हवा असायचा. बेंजोवाल्यांचं तर त्याशिवाय चालायचंच नाही. आपला बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं बुलबुल तरंग, तारांखाली पिकअप लावलेलं. आवाज धारदार आणि कोरडा ठणठणीत. इको मिळाला की तोच बेंजो अख्खी गल्ली भरून टाकतो.

टेपवरचा इको समजायला सोपा. टेपचं बंद वेटोळं फिरत असतं, एक हेड आवाज भरतं, पुढचं वाचतं. टेप सेकंदाला 19 सेंटिमीटर पळत असेल आणि हेडांमध्ये 4 सेंटिमीटर अंतर असेल, तर आवाज सेकंदाच्या साधारण पाचव्या भागानं उशिरा येतो. लंडनच्या चार्ली वॉटकिन्सनं 1958 मध्ये ‘कॉपीकॅट’ नावानं असं मशीन विकायला काढलं. रोलँडचा स्पेस इको 1974 चा. ढोलकीचा ठेका जलद असला आणि इको मात्रेवर पडला नाही, तर सगळा खिचडा होतो. मुकाबल्याच्या रात्री माझं निम्मं लक्ष गाण्याकडे नसायचंच, बोट टेपच्या वेगाच्या बटणावर असायचं.

स्प्रिंगची गोष्ट वेगळी आणि मला जास्त प्रिय. अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांनी 1935 मध्ये विजेचा ऑर्गन बाजारात आणला. ऑर्गन हे चर्चचं वाद्य, पण तो गालिचे-पडद्यांच्या दिवाणखान्यांत गेला आणि लोकांना मुका वाटू लागला. आमखास मैदानाचंच दुखणं, फक्त भिंती असूनही. हॅमंड यांनी बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतली एक युक्ती उचलली. लांब पल्ल्याच्या फोनमधला उशीर तपासायला तिथं स्प्रिंग वापरत असत. स्प्रिंगच्या एका टोकाला आवाजानं हलवायचं, दुसऱ्या टोकाशी तो पकडायचा. तोवर तीस-चाळीस मिलिसेकंद उलटलेले असतात, आणि लाट स्प्रिंगमध्ये मागं-पुढं आदळत राहते. लिओ फेंडर यांनी ही स्प्रिंग 1961 मध्ये गिटारवाल्यांसाठी वेगळ्या पेटीत घातली आणि 1963 मध्ये अँप्लिफायरच्याच आत. मिरवणुकीत मात्र तिचा उपयोग शून्य. राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून विसर्जनाची मिरवणूक निघते. तिथल्या खड्ड्यात ट्रकचं चाक गेलं की स्प्रिंगा एकमेकींवर आपटून कर्ण्यातून वीज कोसळल्यासारखा आवाज येईल.

आता आमच्या गल्लीतला एक पोरगा गिटार वाजवतो आणि त्याला व्हॉल्व्हचाच अँप्लिफायर हवा होता. दोन ईएल 84 वर चालणारा बांधून दिला. मग त्याचं दुसरं मागणं आलं: स्प्रिंगही हवी, आणि मागं ‘सेंड-रिटर्न’चे, म्हणजे आवाज बाहेरच्या इकोला पाठवून परत आत घ्यायचे, दोन जॅकही.

स्प्रिंगसाठी एक ईसीसी 81 व्हॉल्व्ह खर्ची पडतो. त्याचे दोन्ही भाग जोडून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरवर चालवायचे, कारण स्प्रिंगच्या तोंडाशी असलेल्या आठ ओहमच्या कॉइलला दाब नको, करंट हवा. दुसऱ्या टोकाला मिळतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. ते ईसीसी 83 नं वाढवून मूळ आवाजात मिसळायचे. त्या टोकाची कॉइल पॉवर ट्रान्सफॉर्मरजवळ ठेवली की ती आधी ट्रान्सफॉर्मरचंच गाणं ऐकते, म्हणून स्प्रिंगची पेटी कॅबिनेटच्या तळाला, शक्य तितकी दूर. आणि चेसिसला हात लावण्याआधी कंडेन्सर रिकामे करा. प्लग काढला तरी तिथं तीनशे व्होल्ट बसून असतात. उस्ताद म्हणायचे, एक हात खिशात ठेव.

सेंड-रिटर्नचं पोराला मोठं अप्रूप. आम्ही ते जॅक न लावताच करत होतो. जुन्या अँप्लिफायरला इकोची जागा नसायची, तेव्हा व्हॉल्यूमच्या पॉटवरून शिल्ड वायर काढून इकोच्या मशीनमध्ये न्यायची आणि परतीची वायर पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर टाकायची. गिटारच्या अँप्लिफायरला ही सोय 1970 च्या दशकाच्या अखेरीस रुळू लागली, आणि तिचं कारण पक्कं आहे. प्रीअँपमध्ये, म्हणजे पॉवर व्हॉल्व्हच्या आधीच्या भागात, गिटारचा आवाज मुद्दाम फाडला जातो. इको त्याच्या आधी लावला तर प्रत्येक पडसादही फाटतो आणि चिखल होतो. म्हणून इको फाडण्याच्या नंतर आणि पॉवर व्हॉल्व्हच्या आधी. पण तिथं सिग्नल कधी कधी दहा-वीस व्होल्टांचा असतो आणि नऊ व्होल्टच्या पेडलला तो झेपत नाही. मी कॅथोड फॉलोअरमधून सिग्नल काढला, रेझिस्टन्स लावून एका व्होल्टाच्या आसपास आणला, आणि परतीच्या वाटेवर अर्धा ईसीसी 83 देऊन तूट भरली.

त्या जॅकांत तो लावतो काय, तर पीटी 2399 चिपचा इको बोर्ड, जो मंडपवाल्यांच्या मिक्सरमध्येही असतो. एवढा व्हॉल्व्हचा हट्ट धरून पाच व्होल्टची चिप! मी हसलो, पण वाजतं छान.

त्याला एवढंच सांगून ठेवलंय की रिटर्नचा जॅक संपर्काचा आहे. काही लावलेलं नसलं की आतली पत्ती सर्किट जोडते. पावसाळ्यात त्या पत्तीवर काजळी धरते आणि अँप्लिफायर अचानक मुका होतो. तेव्हा व्हॉल्व्ह बदलत बसायचं नाही. आधी प्लग चार वेळा आत-बाहेर करायचा, मग माझ्याकडे यायचं.