न दुखणारी जखम

'शुगर होती, पायाला साधी जखम झाली, ती चिघळली आणि शेवटी पाय कापावा लागला.' अशी एक तरी गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात असतेच. गोष्टीतला व्हिलन ठरलेला: जंतू. मग अँटिबायोटिक, आणि ते लागू पडलं नाही की आणखी भारी अँटिबायोटिक. पण या जखमेचा इतिहास वाचायला घेतला की जंतूंची एंट्री बरीच उशिरा होते असं दिसतं.

१८८४ मध्ये लंडनचा सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ह्ज (हो, 'एलिफंट मॅन'ची देखभाल करणारा तोच) याने तळव्यात खोल भोक पाडत जाणाऱ्या जखमांवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. उपाय अगदी साधा. जखमेभोवतीची घट्टे पडलेली कातडी काढायची, पायावर भार देऊ द्यायचा नाही, आणि बरं झाल्यावर पाय जपायला शिकवायचं. १८८७ मध्ये प्राइस नावाच्या डॉक्टरने अशाच जखमा एका मधुमेहाच्या पेशंटच्या दोन्ही पायांना असल्याचं नोंदवलं. तेव्हा मधुमेहाचे बरेच पेशंट कोमात जाऊन दगावत. १९२२ मध्ये इन्सुलिन आलं, माणसं जास्त जगू लागली, आणि मग पायांची पाळी आली. १९३४ मध्ये बॉस्टनच्या जॉस्लिनना मधुमेही गँगरीनच्या धोक्यावर खास लेख लिहावा लागला.

खरा उलगडा मात्र वेगळ्याच रोगातून झाला, आणि तोही आपल्याकडे.

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, आईवडील मिशनरी. १९४६ मध्ये ते सर्जन म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोग्यांत रमले. तेव्हा सगळ्यांची समजूत अशी की कुष्ठरोगात बोटं आपोआप सडून झडतात. ब्रँडना ते पटेना. त्यांनी बारकाईने बघायला सुरुवात केली. कुणी पेटती चूल हाताने सारखी करत होता, कुणी गंजलेल्या कुलपात किल्ली इतक्या जोराने फिरवत होता की बोट फाटलं तरी पत्ता नाही. काहींची बोटं तर रात्रीतून कमी व्हायची! एकदा पहारा ठेवल्यावर कळलं, उंदीर येऊन कुरतडत होते आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नव्हती. मग पेशंटना मांजरं दिली गेली.

म्हणजे जंतू बोटं खात नव्हता. तो नसा मारत होता, आणि वेदना गेल्यावर बाकीचं काम रोजचं जगणंच करत होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर जळतोय आणि अलार्म बंद :)

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग हॉस्पिटलात गेले. तिथे मधुमेहींचे पाय बघताना त्यांना तेच चित्र दिसलं. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनेही नसा बधिर होतात. बूट चावतो, खडा टोचतो, एकाच जागी दाब पडत राहतो. कळत नाही म्हणून माणूस लंगडत नाही, आणि लंगडत नाही म्हणून जखम भरत नाही. त्यांनी पायाला नीट बसणारं प्लास्टर घालून दाब सगळ्या तळव्यावर वाटून दिला. बऱ्याच हट्टी जखमा त्यानेच भरल्या.

मग जंतू निर्दोष? अजिबात नाही. दार उघडं सापडलं की ते शिरतातच. ताज्या जखमेत बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. जुन्या, बरीच औषधं पचवलेल्या जखमेत आणि आपल्यासारख्या उष्ण देशांत स्यूडोमोनाससारखे चिवट. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर तिथवर ना पांढऱ्या पेशी धड पोचतात ना औषध. इन्फेक्शन हाडात गेलं की पाय जातो, रक्तात पसरलं की माणूस. तिथे अँटिबायोटिकला, आणि अनेकदा ऑपरेशनला, पर्याय नाही.

पण लाली, सूज, पू, ऊब यातलं काहीच नसेल तर आजची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही अँटिबायोटिक देऊ नका म्हणतात. उघड्या जखमेवरून नुसता बोळा फिरवून लॅबला पाठवला तर काही ना काही उगवणारच! जंतू शोधायचाच तर जखम साफ करून आतल्या पेशींचा तुकडा पाठवावा लागतो.

नसांची साधी तपासणी मात्र दोन मिनिटांची आहे. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या माणसाला विचारायचं, 'लागलं का?' उत्तर 'नाही' आलं तर बूट घालण्याआधी रोज आत हात फिरवायचा आणि झोपण्यापूर्वी तळवे आरशात बघायचे, जखम असो वा नसो.