स्राव : एका शब्दाचा इतिहास

‘स्राव’ हा शब्द कानी पडताच आपले मन किंचित दचकते. जखमेतून स्राव होतो, नाकातून रक्तस्राव होतो, आणि वैद्य ‘स्राव थांबला का?’ असे काळजीने विचारतो. म्हणजे व्यवहारात हा शब्द आजाराच्या घरचा आहे. शरीरशास्त्रज्ञ मात्र लाळेला, पित्ताला, आईच्या दुधाला आणि डोळ्यांतील आसवांनाही स्रावच म्हणतो. त्याच्या लेखी स्राव थांबणे हाच आजार. एकाच शब्दाला या दोन छटा कशा आल्या, आणि ज्या युरोपीय शब्दाच्या जागी तो आम्ही योजला त्याची पूर्वपीठिका काय, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम लेखनाविषयी दोन शब्द. पाट्यांवर आणि छापील मजकुरातही ‘स्त्राव’ असे पुष्कळदा आढळते. त्यातला ‘त’ हा आगंतुक होय. ‘सहस्र’चे ‘सहस्त्र’ होते, तसाच हा प्रकार. मूळ धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणे, पाझरणे. ‘स्रोत’ हा शब्दही त्याच कुळातला. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे जे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘विस्राव्य’ हा एक आहे. साठलेले दूषित रक्त वा पू वाहून जाऊ देणे, हा त्याचा आशय. तेव्हा या शब्दाची रोगाशी असलेली सोयरीक आजची नव्हे.

इंग्रजीत ज्याला ‘सिक्रिशन’ म्हणतात, त्याचा जन्म अगदी निराळ्या कल्पनेतून झाला. लॅटिन ‘सेकेर्नेरे’ म्हणजे वेगळे काढणे. त्यातील ‘केर्नेरे’ म्हणजे चाळणे, निवडणे. ‘सीक्रेट’, म्हणजे चारचौघांपासून वेगळे ठेवलेले गुपित, हा शब्द त्यातूनच निघाला. आणि गुपिते सांभाळणारा तो ‘सेक्रेटरी’. व्याख्यानमालेचे सेक्रेटरी आणि वक्त्याच्या तोंडातील लाळ यांचे कुळ एकच निघावे, ही भाषेची गंमत आहे!

परंतु गंमत येथेच संपते. आपला शब्द द्रव वाहतो एवढेच सांगतो. लॅटिन शब्द मात्र तो कोठून व कसा आला, हेही सांगून टाकतो : तो रक्तात आधीच होता, ग्रंथीने तो चाळून वेगळा केला. शब्दाच्या पोटात असा एक सिद्धांत दडलेला होता, आणि युरोपातील पंडितांनी तो दीर्घकाळ खरा मानला. 1666 साली मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने शरीरातील इंद्रियांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. सूक्ष्मदर्शकातून पाहून त्याने यकृत, मूत्रपिंड इत्यादींत बारीक ग्रंथी असल्याचे वर्णिले. या ग्रंथी म्हणजे नानाविध चाळण्या, ही समजूत त्या शतकातील यांत्रिक विचारसरणीला मोठी मानवली.

या चाळणीला पहिला तडा 1830 साली गेला. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ग्रंथींच्या नळ्यांची आतली टोके बंद असतात. रक्तवाहिन्या त्यांत उघडत नाहीत. 1842 मध्ये जॉन गुडसर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने, स्राव तयार करण्याचे काम ग्रंथीतील पेशी करतात, असे प्रतिपादन केले. आणि 1851 साली कार्ल लुडविगने निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने कुत्र्याच्या लाळग्रंथीचा मज्जातंतू उद्दीपित केला आणि लाळेच्या नळीतील दाब मोजला. तो धमनीतील रक्ताच्या दाबाहून अधिक भरला! चाळणीतून द्रव पलीकडे जातो तो दाब जिकडे जास्त तिकडून कमी तिकडे. येथे तर उलटे घडत होते. तेव्हा लाळ गाळली जात नाही, ग्रंथी ती श्रम करून निर्माण करते, हे मान्य करणे भाग पडले.

मौज अशी की, याच लुडविगने 1842 मध्ये मूत्रपिंडात मात्र द्रव दाबाने गाळला जातो असे मांडले होते, आणि तेही खरे ठरले. निरोगी मनुष्याची मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळतात व त्यातला बहुतेक सारा परत शोषून घेतात. मूत्र म्हणून बाहेर पडते ते दीड-दोन लिटर. चाळणीची कल्पना सर्वस्वी खोटी नव्हती. ती सर्वत्र लावली, हे चुकले.

दुसरा तडा अधिक खोल होता. स्राव नळीवाटे बाहेर येतो, हे आजवर गृहीतच होते. 1855 च्या सुमारास फ्रान्सच्या क्लोद बेर्नारने यकृत रक्तात साखर सोडते यावरून ‘अंतर्गत स्राव’ हा शब्दप्रयोग केला. 1902 च्या जानेवारीत लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल घातले. तरीही स्वादुपिंडाचा रस वाहू लागला. निरोप नेला होता तो तंतूंनी नव्हे, रक्तातून गेलेल्या एका द्रव्याने. अशा द्रव्यांसाठी 1905 साली स्टार्लिंगने ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरला. ग्रीक भाषेत त्याच्या मुळाशी चेतवण्याचा अर्थ आहे. मराठीतील ‘संप्रेरक’ हा त्याचा नेमका प्रतिशब्द होय.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे 1889 मध्येच मेरिंग व मिन्कोव्स्की यांनी दाखविले होते. मग त्याचा अर्क देऊन रोगी बरा का होईना? कारण या एकाच इंद्रियात दोन स्राव नांदतात. नळीवाटे आतड्यात जाणारा रस प्रथिने पचवितो, आणि रक्तात जाणारे इन्सुलिन हे स्वतःच एक प्रथिन. इंद्रिय वाटताच पहिला दुसऱ्याला खाऊन टाकी. 1920 साली कॅनडातील फ्रेडरिक बँटिंगच्या मनात आले की, नळ्याच बांधून पाचक रस करणाऱ्या पेशी नष्ट होऊ द्याव्यात. पुढे वाट बदलली, कॉलिपने अर्क शुद्ध करण्याची कृती साधली, आणि 1922 च्या जानेवारीत टोरोंटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला तो देताच त्याची रक्तशर्करा उतरली. अंतःस्राव आणि बहिःस्राव हा भेद एका जीवाच्या मोलाचा ठरला!

पेशी हे काम कसे करते, तेही पुढे उलगडले. जॉर्ज पालाडे याने स्वादुपिंडाच्या पेशींत किरणोत्सर्गी खूण केलेल्या प्रथिनांचा माग काढला. ती पेशीच्या आत तयार होतात, चिमुकल्या पिशव्यांत भरली जातात, आणि त्या पिशव्या पेशीच्या कडेशी एकरूप होऊन रिकाम्या होतात. त्याला 1974 चे नोबेल पारितोषिक दोघा सहकाऱ्यांसह मिळाले; पिशव्यांची ही वाहतूक कशी चालते, याच्या शोधासाठी 2013 चे पारितोषिक रॉथमन, शेकमन व स्यूडहॉफ यांना लाभले.

आता वापराविषयी. शरीराने स्वतः घडवून कामासाठी सोडले तो स्राव; नको म्हणून टाकले ते उत्सर्जन. घामासारखी सरहद्दीवरची उदाहरणे आहेतच. घामातून थोडे क्षार जातात खरे. पण ग्रंथी तो घडवितात आणि त्याचे मुख्य कार्य शरीर थंड ठेवणे, म्हणून त्याला स्राव म्हणणेच योग्य. जखमेतून जे गळते ते मात्र दोहोंपैकी काहीच नव्हे. तेथे ‘स्राव’ हा जुना, साधा, वाहण्याचा अर्थच घ्यावा.

परिभाषा करणारे कधी कधी हळहळतात की, आपला शब्द सैल आहे, लॅटिन शब्दाइतका नेमका नाही. आम्हांला तसे वाटत नाही. नेमक्या शब्दाने युरोपाला पुष्कळ काळ चाळणीत अडकवून ठेवले. आमच्या सैल शब्दाने काहीच गृहीत धरले नाही, म्हणून प्रत्येक नवा शोध त्यात सुखाने मावला. शब्दाने वस्तूकडे बोट दाखवावे. तिच्याविषयीचा निकाल देण्याचे काम प्रयोगाकडे ठेवावे, हेच बरे.