बंधमोचनाचा खेळ

जादूच्या खेळांचे जेवढे प्रकार आहेत त्यांत बंधमोचनाचा, म्हणजे बेड्या-दोरखंडांतून सुटून दाखविण्याचा, प्रकार मोठा विलक्षण आहे. इतर खेळांत कांहीं तरी पाहावयास मिळतें. टोपींतून कबूतर निघतें, रुमालाचा रंग पालटतो. येथें मुख्य क्रिया बहुधा पडद्याआड होते, आणि प्रेक्षकांच्या वांट्यास येतो तो केवळ पडदा. न दिसणारी गोष्ट पाहण्यासाठीं लोकांनीं पैसे देऊन तासभर जीव मुठींत धरून बसावें, हें घडतें तरी कसें? या प्रश्नाचें उत्तर हॅरी हुडिनी याच्या चरित्रांत जितकें स्पष्ट मिळतें तितकें अन्यत्र मिळणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

हुडिनीपूर्वीं हा खेळ नव्हता असें नाहीं. अमेरिकेंतील आयरा व विल्यम डॅव्हनपोर्ट हे बंधु स्वतःस दोरांनीं जखडून घेऊन एका लांकडी कपाटांत बसत. दारें लागलीं कीं आंतून वाद्यें वाजूं लागत, आणि दारें उघडावीं तों दोघेही पूर्ववत् बांधलेलेच! हें परलोकवासी आत्म्यांचें कर्तृत्व आहे, असा समज पसरूं दिला जाई. १८६५ सालीं लिव्हरपूल येथें प्रेक्षकांनीं बांधलेल्या गांठी त्यांस जाचक वाटूं लागल्या, तेव्हां लोक खवळून उठले व कपाटाचे तुकडे झाले. या खेळांत प्रेक्षकास दोनच भूमिका मोकळ्या होत्या. भक्ताची किंवा शत्रूची.

तिसरी भूमिका निर्माण केली ती हुडिनीनें. १८७४ सालीं बुडापेस्ट येथें एका यहुदी धर्मोपदेशकाच्या घरीं जन्मलेला हा मुलगा लहानपणींच अमेरिकेंत गेला, आणि कित्येक वर्षें किरकोळ जादू करून त्यानें पोट भरलें. १८९९ सालीं मार्टिन बेक नांवाच्या नाट्यव्यवस्थापकानें त्याच्या बेड्यांचा खेळ पाहून, इतर खेळ सोडून याचाच पाठपुरावा करावा असा सल्ला दिला. १९०० सालीं तो लंडनला गेला. आपापल्या बेड्या घेऊन या आणि मला जखडून पाहा, असें त्याचें जाहीर आव्हान असे. अशा रीतीनें प्रेक्षक नाटकगृहांत शिरे तो परीक्षक म्हणून.

परंतु परीक्षकाच्या मनांत केवळ संशय असतो, आणि नुसत्या संशयानें कोणाचा ऊर धडधडत नाहीं. १७ मार्च १९०४ रोजीं लंडनच्या हिपोड्रोममध्यें काय झालें तें या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. बर्मिंगहॅमच्या एका कारागिरानें पांच वर्षें खपून बनविलेल्या म्हणून सांगितलेल्या बेड्या ‘मिरर’ पत्राच्या प्रतिनिधीनें त्यास घातल्या. सुमारें ४,००० लोक पाहत होते. हुडिनी पडद्याआड गेला. कांहीं वेळानें घामाघूम होऊन बाहेर आला, पण बेड्या तशाच. असें वारंवार झालें. कोट काढतां यावा म्हणून क्षणभर बेड्या उघडाव्या, ही त्याची विनंती प्रतिनिधीनें नाकारली. तेव्हां त्यानें खिशांतला चाकू काढून दांतांनीं उघडला व अंगावरचा कोट कापून टाकला! बेड्यांच्या कुलपाशीं त्या कोटाचा कांहींएक संबंध नव्हता; परंतु त्या क्षणीं परीक्षकांचे आप्तेष्ट झाले. १ तास १० मिनिटांनीं तो मोकळ्या हातांनीं बाहेर आला तेव्हां सभागृह आनंदानें वेडें झालें. हा सामना आधींच ठरलेला होता कीं काय, याविषयीं आजही वाद चालतो. परंतु प्रेक्षकांची काळजी मात्र खरी होती.

कष्ट दिसले पाहिजेत, हेंच मर्म दुसऱ्या एका खेळांतही आढळतें. वेड्यांस आवळून ठेवण्याच्या जाकिटांतून तो प्रथम पडद्याआड सुटत असे, पण लोकांस त्याचें फारसें कौतुक वाटेना. पडदा काढून टाकावा, ही गोष्ट त्याचा भाऊ हार्डीन यास प्रथम उमगली असें सांगतात. पुढें हुडिनी उंच इमारतींवरून उलटा लोंबकळत हजारों लोकांदेखत तें जाकीट काढूं लागला.

१९०८ सालीं सेंट लुई येथें त्यानें याहून सूक्ष्म युक्ति योजिली. दूध नेण्याच्या पत्र्याच्या मोठ्या कॅनमध्यें पाणी भरून तो आंत शिरे; पण त्यापूर्वीं, आपल्याबरोबर श्वास रोखून पाहावा, असें तो प्रेक्षकांस सांगे. बहुतेकांचा धीर मिनिटाच्या आंतच सुटे. मग झांकणास कुलपें लागत, पडदा ओढला जाई, आणि कुऱ्हाड घेऊन एक मदतनीस उभा राही. कुलपें अगदीं खरीं असत. फक्त सुटकेशीं त्यांचा संबंध नसे, कारण कॅनचा गळाच कुलपांसकट आंतून उचलतां येई. बाहेर बसलेला मनुष्य मात्र आपल्याच छातीनें वेळ मोजीत असे.

मग ही लबाडीच नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. युक्ति कोणती हें हुडिनीनें लपविलें. युक्ति आहे हें कधीं लपविलें नाहीं. सर आर्थर कॉनन डॉइल यांच्यासारख्या प्रख्यात लेखकाची खात्री होती कीं, हुडिनीस दैवी शक्ति आहे. ‘होय’ म्हटलें असतें तर त्यास मोठें माहात्म्य लाभलें असतें. पण त्यानें तें सतत नाकारलें, आणि अखेरचीं वर्षें ढोंगी माध्यमांचें बिंग फोडण्यांत घालविलीं. यांत सचोटी तर आहेच, पण त्याच्या कलेची गरजही आहे. ज्यास आत्मे येऊन सोडवितात त्याची काळजी कोणीं करावी? जो बुडूं शकतो त्याच्यासाठींच लोक श्वास रोखतात.

३१ ऑक्टोबर १९२६ रोजीं डेट्रॉइट येथील रुग्णालयांत, आंत्रपुच्छ फुटून पसरलेल्या विषामुळें, हुडिनी वारला. १९५३ सालच्या चित्रपटानें मात्र त्याचा अंत पाण्याच्या पेटीशीं नेऊन भिडविला. इतिहासाच्या दृष्टीनें हें चूकच; पण ज्या धोक्याची त्यानें आयुष्यभर लोकांस खात्री पटविली, तो लोकांनीं त्याच्या मागेंही किती खरा मानला, याची ती साक्षच नव्हे काय?