धुराडे नसलेले प्रदूषण

शहरी हवेचा इतिहास आपण बहुधा धुराचा इतिहास म्हणून वाचतो. कोळसा, गिरण्यांची धुराडी, भिंतींवरची काजळी ही त्याची ठरलेली पात्रे. ओझोन या चौकटीत बसत नाही, कारण तो कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. तो हवेतच, उन्हात तयार होतो. उंच वातावरणात अतिनील किरणे अडवणारा हाच वायू जमिनीलगत मात्र फुप्फुसांना आणि पिकांना घातक ठरतो. त्याचा माग काढण्याची कथा घडली ती लॉस एंजेलिसमध्ये.

जुलै १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, या शहरावर डोळे झोंबवणारे धुके उतरले. जपानने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका लोकांना आली. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. कारखाना काही काळ बंद ठेवला, तरी धुके हटेना. १९४७ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत हवा प्रदूषण नियंत्रणासाठी स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली. तिनेही आधी गंधकाचे वायू आणि कारखान्यांचा धूर यांवरच लक्ष दिले. समोर उदाहरण होते लंडनचे. तिथले धुके थंडीतले, कोळशाचे आणि गंधकाचे होते. लॉस एंजेलिसचे धुके मात्र कडक उन्हात दाटत होते. हा फरक डोळ्यांसमोर असूनही त्याचा अर्थ लागत नव्हता.

तो लावला आरी हागेन-स्मिट यांनी. नेदरलँड्समध्ये जन्मलेले हे जैवरसायनशास्त्रज्ञ पासाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. या धुक्याने पालकासारख्या भाज्यांच्या पानांवर विशिष्ट डाग पडत आणि ताणलेल्या रबराला चिरा जात. पेट्रोलची वाफ आणि ओझोन एकत्र आणून त्यांनी पानांवरचे तेच डाग प्रयोगशाळेत उमटवले. १९५२ पर्यंत त्यांचा सिद्धान्त स्पष्ट झाला होता : मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारी हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन बनतो. तेल उद्योगाच्या पैशावर संशोधन करणाऱ्यांनी यावर आक्षेप घेतले. लोकांनाही हे पचणे सोपे नव्हते. बोट आता दूरच्या कारखान्याबरोबर प्रत्येकाच्या दारातल्या मोटारीकडेही वळले होते.

पण मोटारी तर डेट्रॉइटमध्येही होत्या. मग लॉस एंजेलिसच का? याचे उत्तर तिथल्या हवामानात आणि भूगोलात आहे. १५४२ मध्ये काब्रियो हा दर्यावर्दी या किनाऱ्याला लागला, तेव्हा मूळ रहिवाशांच्या आगींचा धूर पसरलेला पाहून त्याने एका उपसागराला ‘धुरांचा उपसागर’ म्हटले. उन्हाळ्यात पॅसिफिक महासागरावर उच्च दाबाचा पट्टा ठाण मांडतो. त्यातून खाली उतरणारी हवा तापते आणि समुद्राकडच्या थंड थरावर झाकणासारखी बसते. तापमानाच्या या विपरीततेमुळे खालची हवा वर जाऊ शकत नाही, आणि मागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर आडवे उभे असतात. वर स्वच्छ ऊन, खाली कोंडलेला धूर. ओझोनला याहून सोयीचे पात्र कुठले? १९५५ मध्ये तिथे ओझोनची पातळी दहा लाख भागांत ०.६८ इतकी नोंदली गेली. अमेरिकेची आजची मर्यादा, आठ तासांच्या सरासरीसाठी, ०.०७० आहे.

पुढे परसातल्या कचरा-भट्ट्यांवर १९५७ मध्ये बंदी आली. १९६८ मध्ये हागेन-स्मिट कॅलिफोर्नियाच्या नव्या हवा संसाधन मंडळाचे अध्यक्ष झाले. १९७५ पासून नव्या मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक बसू लागले. नंतरच्या दशकांत मोटारी वाढल्या, तरी ओझोनचे शिखर कितीतरी खाली आले. हवामान बदलता येत नव्हते. उत्सर्जन बदलता आले.

हा विजय मात्र सरळ रेषेतला नव्हता. शनिवार-रविवारी ट्रक कमी धावत, तरी अनेक ठिकाणी ओझोन वाढलेला दिसे. सायलेन्सरमधून निघणारा नायट्रिक ऑक्साइड आसपासचा ओझोन खातोही. म्हणून वर्दळीच्या चौकात ओझोन कमी, आणि वाऱ्याच्या दिशेला कित्येक मैलांवरच्या उपनगरांत जास्त. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, तेव्हाही जगातल्या अनेक शहरांत ओझोन वाढला, तो प्रामुख्याने याच कारणाने. दोन घटकांपैकी कोणता किती कमी करायचा, हे प्रत्येक शहराच्या हवेला विचारूनच ठरवावे लागते.

आपल्याकडे प्रदूषणाची चर्चा दिवाळीच्या सुमारास पेटते आणि थंडीबरोबर विझते. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची उद्दिष्टेही धूलिकणांत मोजली जातात. ओझोनसाठी आठ तासांची १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा २००९ पासून कागदावर आहे. पण हा वायू दिसत नाही, आणि त्याचा हंगाम एप्रिल-मेच्या रखरखीत दुपारचा. डोळ्यांना दिसणाऱ्या धुराचा पाठलाग करण्यात लॉस एंजेलिसची जवळजवळ दहा वर्षे गेली. निळे आकाश म्हणजे स्वच्छ हवा, असे धरून चालणाऱ्या शहरांनी तेवढा काळ पुन्हा खर्च करण्याचे कारण नाही.