सावित्रीच्या खाडीकडून

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास सांगायला बहुतेक अभ्यासक वसईपासून सुरुवात करतात, नाहीतर थेट मुंबईपासून. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला मी आधी पोलादपूरला न्यायचे म्हणतो. 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदांच्या समाधीचे हे गाव. पश्चिम भारतात आलेले पहिले स्कॉटिश मिशनरी डोनाल्ड मिचेल 1823 मध्ये वारले तेही इथेच. पूर्वी लष्करात लेफ्टनंट असलेला हा माणूस त्याच वर्षी बाणकोटला आला होता.

कोकणात ख्रिस्ती धर्म त्याआधीच पोहोचला होता, पण तो चौल-कोर्लईच्या पोर्तुगीजांबरोबर, तटबंदीच्या आसऱ्याने. 1740 मध्ये ती सत्ता गेली. कोर्लईचे ख्रिस्ती मात्र राहिले, आणि पोर्तुगीज-मराठीच्या संगमातून घडलेली आपली बोली त्यांनी आजवर सांभाळली. बाणकोटची गोष्ट वेगळी. तो किल्ला 1756 पासून इंग्रजांकडे होता. तिथून सावित्रीच्या खाडीने महाड बंदर आणि पुढे घाटाची वाट. व्यापार ज्या वाटेने चाले, तीच मिशनऱ्यांनी धरली.

मिचेल यांच्यामागून जेम्स मिचेल, कूपर, क्रॉफर्ड, स्टीव्हन्सन आले. बाणकोट आणि हर्णै इथून त्यांनी शाळा चालवल्या. शिकवणारे पंतोजी पुष्कळदा ब्राह्मण, पुस्तके मिशनची. पालकांना मुलाचे अक्षर-हिशेब हवे होते, धर्म नको होता. हा व्यवहार दोन्ही बाजूंना पुरता ठाऊक होता असे माझे मत आहे. 1829 मध्ये जॉन विल्सन मराठीचे पहिले धडे याच किनाऱ्यावर गिरवून मुंबईला गेले. पुढे मिशनचे लक्षही मुंबई-पुण्याकडे वळले.

म्हणून इथे बाप्तिस्म्यांची संख्या मोजत बसण्यात अर्थ नाही. महाड-पोलादपूर या दोन तालुक्यांत धर्म बदलला तो पुढच्या शतकात, आणि बुद्धाकडे जाण्यासाठी. महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला 1927 च्या मार्चमध्ये. मनुस्मृती जाळली त्याच वर्षी 25 डिसेंबरला. दिवस नाताळचा होता, पण त्यातून कुणी मिशनचे श्रेय काढू नये. तपासायचे ते इतकेच, की अस्पृश्यांच्या मुलांना शाळेत बसवण्याचा प्रश्न आधी कुणी, कुठे आणि किती खरेपणाने उपस्थित केला.

त्यासाठी 1842 साली निघालेल्या 'ज्ञानोदय' या मिशनरी नियतकालिकाचे जुने अंक चाळावेत, आणि मिशनऱ्यांनी मायदेशी धाडलेले अहवाल जरा संशयानेच वाचावेत. ते देणगीदारांसाठी लिहिलेले होते. ज्याला मोडी वाचता येते, त्याने गावची दप्तरेही उघडावीत.