मुंबईचं नाव मिळालेलं रक्त

इतिहास म्हटलं की आपल्या जुन्नर-आंबेगावकडच्या बायकांना शिवनेरी आठवतो, नाणेघाट आठवतो. आजची गोष्टही इतिहासाचीच आहे, पण ती घडली दवाखान्यातल्या एका खोलीत. आपण गरोदरपणी जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात जातो, मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जातो. तिथे सुई टोचून रक्त घेतात आणि थोड्या वेळाने हातात कागद देतात. सुई आपल्याला दिसते, कागद दिसतो. मधल्या वेळात प्रयोगशाळेतल्या ताई-दादांनी काय केलं, ते मात्र दिसत नाही. आजची गोष्ट त्या मधल्या वेळाची आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत एका माणसाचं रक्त दुसऱ्याला देणं म्हणजे जुगारच होता. कुणी वाचायचं, कुणी रक्त चढवताच दगावायचं. असं का होतं, ते १९०१ साली व्हिएन्ना शहरातल्या कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवून दिलं. प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त त्यांनी एकमेकांत मिसळून पाहिलं. काही मिश्रणं एकजीव राहिली, तर काहींत दूध फाटल्यासारख्या गुठळ्या झाल्या. त्यातून ए, बी आणि ओ हे गट कळले. चौथा एबी पुढच्याच वर्षी सापडला. या कामासाठी लँडस्टायनर यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचा जन्मदिवस, १४ जून, आज जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळतात.

आजही आपल्या रुग्णालयात जवळपास तेच करतात. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर आपल्या रक्ताचे थेंब ठेवतात. एकात निळ्या बाटलीतला थेंब टाकतात, तो अँटी-ए. दुसऱ्यात पिवळ्या बाटलीतला, तो अँटी-बी. निळ्यात गुठळी झाली तर गट ए, पिवळ्यात झाली तर बी, दोन्हींत झाली तर एबी, आणि कशातच झाली नाही तर ओ. तिसऱ्या थेंबावरून पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते कळतं.

आता येऊ मुंबईला. साल १९५२, परळचं केईएम रुग्णालय. एक माणूस रेल्वेच्या अपघातात जखमी झाला होता, दुसऱ्याला चाकूने भोसकलं होतं. दोघांनाही रक्ताची गरज होती. तपासणीत गट ओ दिसत होता. पण ओ गटाच्या दात्याचं रक्त त्यांच्या रक्ताशी जुळवून पाहिलं, तर गुठळ्या! दुसरा दाता आणला, तरी तेच. ए, बी, एबी तर आधीच बाद झाले होते. म्हणजे चारही गटांतलं रक्त या माणसांना चालत नव्हतं.

प्रयोगशाळेत डॉ. य. मा. भेंडे होते. अशा वेळी "बाटली खराब असेल" म्हणून सोडून देणं सोपं असतं. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांनी तसं केलं नाही. त्यांनी नमुने लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या संशोधकांकडे तपासायला पाठवले. तिथल्या चार संशोधकांपैकी दोन बायका होत्या, रूथ सँगर आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात या सातही जणांच्या नावाने लेख आला. त्यात अशा तीन माणसांची नोंद होती. हा गट पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून जगात त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात.

या रक्तात वेगळं काय असतं? घराचं उदाहरण घेऊ. रक्ताच्या लाल पेशीवर एक जोतं असतं, त्याला एच म्हणतात. त्या जोत्यावर कुणाचं ए नावाचं घर असतं, कुणाचं बी, कुणाची दोन्ही. ओ गटात नुसतं जोतं असतं, वर घर नाही. बॉम्बे गटाच्या माणसाला मात्र जोतंच नसतं. त्यामुळे त्याच्या शरीराला ओ गटाचं रक्तही परकं वाटतं आणि ते त्याच्यावर तुटून पडतं. चुकून ते चढवलं, तर थंडी वाजते, कंबर धरते, लघवी काळसर होते, मूत्रपिंड बंद पडून जीवही जाऊ शकतो. "ओ गट सगळ्यांना चालतो" हे आपण ऐकत आलो, ते इथे खोटं ठरतं.

हा गट आई-वडील दोघांकडून आलेल्या छुप्या वारशातून होतो. दोघांनाही काही त्रास नसतो, पण प्रत्येक बाळाला चारात एक अशी शक्यता असते. मामाच्या मुलीशी किंवा नात्यात लग्नं होतात, तिथे दोघांत तोच छुपा वारसा असण्याची शक्यता वाढते. मुंबईत साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो, असं मानतात. घरात एक जण सापडला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करतात, कारण जुळणारं रक्त तिथे मिळण्याची आशा जास्त.

मग हा गट ओळखायचा कसा? आपण गटाच्या बैठकीत पासबुक आणि वही दोन्ही जुळवून बघतो ना, तसंच. फक्त पेशी तपासल्या तर बॉम्बे गट ओ सारखाच दिसतो. म्हणून रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशींशी उलट बाजूनेही तपासावं लागतं. ओ पेशींतही गुठळी झाली, की तंत्रज्ञ सावध होतात. शिवाय रक्त चढवण्याआधी दात्याचं आणि रुग्णाचं रक्त प्रत्यक्ष जुळवून पाहतात, त्याला क्रॉसमॅच म्हणतात. त्याला पाऊण-एक तास लागू शकतो.

मैत्रिणींनो, हा तास महत्त्वाचा आहे. बाळंतपणात रक्त जायला लागलं, की नातेवाईक खिडकीशी गर्दी करतात. "ओ गट आहे ना, मग द्या की पटकन!" त्यांची घाई कळते. पण आत बसलेली ताई उगाच वेळ काढत नसते. कधी अगदीच जीव वाचवायचा असेल तर काय करायचं, ते डॉक्टर ठरवतात. आपल्या हातात आहे ते आधीचं काम. पहिल्या तपासणीलाच रक्तगट आणि हिमोग्लोबिन करून घ्या. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर अंगात रक्त कमी आहे असं समजतात, ७ च्या खाली गेलं तर धोका मोठा. पूर्वी कधी रक्त जुळलं नसेल किंवा चढवताना त्रास झाला असेल, तर तो कागद जपून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. वजन ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा आणि तब्येत ठणठणीत असेल, तर बाईलाही चार महिन्यांनी रक्तदान करता येतं.

आणि बारावी सायन्स झालेल्या लेकी घरात असतील, तर मेडिकल लॅबच्या डिप्लोमाची आणि पदवीची चौकशी करा. हे काम शांत डोक्याचं, नीटनेटक्या हाताचं आहे. गुठळी दिसली तर ती का झाली, हे विचारायची सवय मात्र हवी. १९५२ साली परळच्या त्या खोलीत हा प्रश्न कुणी विचारलाच नसता, तर पुढे किती रुग्णांना ओ समजून चुकीचं रक्त दिलं गेलं असतं, याचा हिशोबही लागला नसता.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपापला रक्तगट गटाच्या वहीत लिहून ठेवा.